पूर्ण कोयता : नववीतल्या एका धमकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या डोंगरपट्ट्यातली ही माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावीचे वर्ग, मुलं साडेचारशेच्या आसपास. दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि तान्ही लेकरं घालून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडला की परततात. तोवर शाळेतली कितीतरी मुलं आजी-आजोबांच्या भरवशावर असतात. पालकसभेला त्या दिवसांत येतात ती म्हातारी माणसं, आणि सही म्हणून अंगठा देतात.

मी तेव्हा त्या शाळेत पर्यवेक्षिका होते. हे प्रकरण डिसेंबर २०२३ चं. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं कुठेच घेतलेली नाहीत.

बाहेरच्या वाचकाला एक शब्द आधी समजला पाहिजे. आमच्याकडे कोयता हे हत्यार नंतर, पोटापाण्याचं साधन आधी. मुकादम म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार. तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो तीही कोयत्याच्या हिशोबाने. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या २०२२-२३ मध्ये टीव्हीवर आणि रील्समध्ये येऊ लागल्या, तेव्हा याच शब्दाला तिसरा अर्थ चिकटला. आमच्या मुलांच्या फोनमध्ये तिन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

काय घडलं

गुरुवारी रात्री नववीतल्या एका मुलाने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. पोत्यावर ठेवलेला कोयता, आणि खाली मजकूर: ‘अर्धा नाय, पूर्ण कोयता दाखवतो. गॅदरिंगला भेटू.’ स्नेहसंमेलन सतरा दिवसांवर होतं.

शुक्रवारी परिपाठाच्या आधी त्याच्याच वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. बहिणीच्या फोनवर स्क्रीनशॉट घेऊन आली होती. फोन माझ्या हातात देताना म्हणाली, “मॅडम, माझं नाव नका घेऊ.” मी म्हटलं, “नाही घेणार.” हा शब्द मी पाळला. पण तिचं नाव तासाभरात वर्गभर झालं.

ते असं. मी मुख्याध्यापक सरांना स्क्रीनशॉट दाखवत होते तेव्हा वर्गशिक्षक तिथेच होते. ते चिडले, घाबरलेही असतील. पहिल्या तासाला वर्गात जाऊन त्यांनी विचारलं, “स्टेटस कुणीकुणी पाहिलं? मॅडमना कुणी दाखवलं?” सगळा वर्ग त्या मुलीकडे वळला. हेतू वाईट नव्हता. पण या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेलं वाक्य कोणतं, असं मला विचारलं तर मी त्या मुलाच्या स्टेटसचं नाही, या वाक्याचं नाव घेईन.

पहिले दोन तास

मुख्याध्यापकांची पहिली प्रतिक्रिया होती, “दाखला हातात द्या, विषय संपवा.” संस्थेच्या सचिवांना फोन गेला, तेही तेच म्हणाले. नववी आरटीईच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे आठवीपर्यंतच्या मुलाला काढता येत नाही हा मुद्दाही इथे लागू नव्हता.

मी एवढंच मागितलं की दुपारपर्यंत कुणी काही ठरवू नका. मग स्वतः वर्गावर गेले आणि मुलाला म्हणाले, “दफ्तर घेऊन माझ्याबरोबर ये.” दफ्तर वर्गात उघडायला लावलं असतं तर आत काही निघो न निघो, तो पुढची दोन वर्षं ‘कोयत्यावाला’ म्हणूनच ओळखला गेला असता. माझ्या खोलीत त्याने ते स्वतःच उघडलं. वह्या, डबा, कंपासपेटी. बाकी काही नाही.

“असं का केलंस?” हा प्रश्न मी मुद्दाम टाळला. का म्हटलं की मूल उत्तर रचायला लागतं. मी म्हटलं, “काल शाळा सुटल्यापासून काय काय केलंस ते सांग.” बराच वेळ तो टेबलाच्या सनमायक्याची उचकटलेली कड नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, ते मला अर्धा कोयता म्हणत्यात.”

त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी हंगामात ट्रॉली उलटून गेले. तेव्हापासून आई एकटीच जाते, अर्धा कोयता म्हणून. दिवाळीनंतर क्रिकेटच्या संघात गडी वाटताना एकजण म्हणाला, “याला अर्धा धरा.” आणखी दोघांनी ते उचलून धरलं. महिन्याभरात पाचवीतली पोरंही त्याला तीच हाक मारू लागली होती, अर्थ न कळता. आम्हा मास्तर मंडळींपैकी किमान दोघांनी ती हाक ऐकली होती. टोपणनाव असेल म्हणून सोडून दिली होती.

स्टेटसमधल्या ‘पूर्ण’ या शब्दाकडे तोवर आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी फक्त कोयता पाहिला होता.

तेवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला असता. पण पुढचा प्रश्न विचारला, “गॅदरिंगला ते तिघं कुठे असणार?” तो लगेच म्हणाला, “चौथ्या नंबरला हाय त्यांचा डान्स. त्याच्या आधी मंडपामागं थांबत्यात.” इतकं नेमकं उत्तर मला नको होतं.

तोलायचं कसं

शाळेतल्या धमक्यांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला, कारण तिथे त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण विभागाने १९७४ ते २००० या काळातल्या ३७ शालेय हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास केला. २००२ च्या त्या अहवालातल्या तीन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्यात. ‘हल्लेखोर मूल असं दिसतं’ असं एकच चित्र त्यातून निघालं नाही. दहापैकी आठ प्रकरणांत निदान एका माणसाला, बहुतेकदा बरोबरीच्या मुलाला, आधीच कुणकुण होती. आणि ज्यांच्यावर हल्ला केला त्यांना हल्ल्याआधी थेट धमकी देणारे फार थोडे होते, १७ टक्के. म्हणजे जो धमकी देतो तो धोका असतोच असं नाही, आणि जो गप्प असतो तो निर्धोक असंही नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठात ड्युई कॉर्नेल यांनी २००१ मध्ये शाळांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात धमकीचे दोन भाग करतात. रागाच्या भरात, जखमेतून बोललेली आणि समजूत काढल्यावर विरणारी ती क्षणिक. ठिकाण, वेळ, माणूस, साधन ठरलेली आणि राग ओसरल्यावरही टिकणारी ती ठोस. शंका असेल तर ठोस धरून चालायचं. तिकडच्या बंदुका आमच्याकडे नाहीत. पण तोलायचे प्रश्न तेच आहेत: साधन हाताशी आहे का, तयारीची खूण दिसते का, सोबतीला कुणी आहे का, आणि या मुलाला सुटकेचा दुसरा रस्ता दिसतोय का.

आमची अडचण साधनाच्या प्रश्नापाशीच आली. कोयता नाही असं घर आमच्या गावात शोधावं लागतं. ‘घरात हत्यार आहे’ ही खूण धरली तर निम्मी शाळा धोकादायक ठरते. म्हणून प्रश्न बदलावा लागला. कोयता आहे का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या कोयत्याचं अलीकडे काही झालंय का, हे बघायचं होतं.

घरची भेट

दुपारी मी आणि क्रीडाशिक्षक त्याच्या आजीकडे गेलो. मुलाला शाळेतच शिपाईमामांजवळ बसवलं. त्याला घरी पाठवणं सोपं होतं, पण रिकाम्या घरी, त्या कोयत्यापाशी पाठवायचं कसं?

आजीने बसायला पोतं टाकलं. मी विचारल्यावर आढ्याला खोचलेला कोयता काढून दिला. “त्याच्या बापाचा हाय. दोन साल झालं कुणी हात लावला नाय.”

पातं गंजून तपकिरी झालं होतं. पण धारेच्या कडेने, टोकापासून चार बोटांच्या लांबीएवढी एक पट्टी पांढरी चमकत होती. दगडावर घासल्याची, ताजी. क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सकाळपासून मनातल्या मनात ‘क्षणिक’ असं लिहीत आले होते. तिथे ते खोडलं.

परत येऊन मुलाला विचारलं तर म्हणाला, “फोटोत चमकावं म्हणून घासला.” खरं असेल. मला आजही ते खरं वाटतं. पण मंडपामागची जागा, डान्सचा नंबर आणि ती चार बोटांची पट्टी, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यावर ‘मला खरं वाटतं’ एवढ्यावर तीन मुलांचा जीव टांगणं मला पटेना.

समोरचे पर्याय

संध्याकाळी मुख्याध्यापक, सचिव, वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि मी बसलो.

दाखला देण्याचा मुद्दा पुन्हा आला. मी विचारलं, “दाखला दिल्यावर सोमवारी सकाळी हा मुलगा कुठे असेल?” कुणाकडे उत्तर नव्हतं. आई फडावर, आजी शेळ्यांमागे, तो घरी, आणि गॅदरिंगचा मंडप तर गावच्या मैदानावरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांना उघडा. शाळेच्या वहीतून नाव गेलं असतं. धोका गावातच राहिला असता, फक्त आमच्या नजरेआड. सचिव यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ठीक आहे, पण जबाबदारी लिहून घ्या.” मी लिहून दिली.

माफीनामा घेऊन सोडून द्यावं, असं वर्गशिक्षकांचं मत होतं. धार पाहिल्यावर ते मागे पडलं.

पोलिसांबद्दल मात्र मतभेद राहिला. मुख्याध्यापकांना ठाण्याचं नावही नको होतं, शाळेची बदनामी होईल म्हणून. मला गुन्हा नोंदवायला नको होता, पण ही गोष्ट पोलिसांना न सांगणंही नको होतं. बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. अत्यंत गंभीर (कायद्याच्या भाषेत ‘हीनस’) अपराध नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील तर मुलावर एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद घेऊन त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल करायचा, असे नियम आहेत. हे वाचून दाखवल्यावर सर तयार झाले. शनिवारी ते अधिकारी गणवेश न घालता आले, मुलाशी माझ्यासमोर अर्धा तास बोलले आणि डायरीत नोंद करून गेले. त्यांनी एक व्यवहार्य गोष्ट सुचवली: कोयता जप्त करू नका, घरच्याच माणसाकडून हलवा. तो शेजारच्या गावी चुलत्याकडे गेला.

आईला कळवायचं कसं

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हा होता, आणि तो कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

‘अर्धा धरा’ म्हणणारा मुलगा मुकादमाचा होता. मुलाची आई त्याच मुकादमाच्या टोळीत तोडत होती. तिने त्याच्याकडूनच उचल घेतलेली. तिच्याजवळ फोन नाही. निरोप द्यायचा तो मुकादमाच्या फोनवर. म्हणजे ज्या माणसाच्या मुलाची तक्रार करायची, त्याच्याच हाताने ती तक्रार त्याच्यावर अवलंबून असलेल्या बाईकडे पोचवायची.

वर्गशिक्षक म्हणाले, “लावा फोन, त्यात काय?” आजी मात्र मला हळूच म्हणाली होती, “मॅडम, मुकादमाला आधी कळलं तर माझी सून फडावर कशी राहील?” मी दोन दिवस थांबले. टोळीतल्या दुसऱ्या एका बाईच्या मुलाचा नंबर मिळवला आणि रविवारी रात्री कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीवरून, मुलाच्या आईशी बोलणं झालं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, “त्यानं कुणाला मारलं तर नाय ना?”

ती दोन दिवस येईन म्हणाली. फड सोडला की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. ते आम्ही चौघा शिक्षकांनी भरले. याला व्यवस्था म्हणता येणार नाही, हे मला कळतं. पण त्या आठवड्यात दुसरं काही हाताशी नव्हतं.

काय केलं

एक पानाचा कागद केला आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मुलगा रोज आल्यावर आधी क्रीडाशिक्षकांना भेटेल. दफ्तर त्यांच्यासमोर स्वतः उघडेल, बंद खोलीत. मधल्या सुट्टीत वाचनालयात काम करेल. दर बुधवारी माझ्याकडे बसेल. स्टेटस त्याने स्वतः काढलं. आजीला आणि त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर लिहून दिले.

तिघांशी मी वेगवेगळं बोलले. दोघं पहिल्या पाच मिनिटांत रडले. मुकादमाचा मुलगा म्हणाला, “सगळेच म्हणत्यात, मी एकटा नाय.” ते खरंच होतं. ‘अर्धा कोयता’ ही हाक शाळेत बंद, हे परिपाठात कुणाचंही नाव न घेता मुख्याध्यापकांनी सांगितलं. मुकादमाशी मी फोनवर बोलले ते आई गावी पोचल्यावर, आधी नाही. तुमच्या मुलाच्या जिवाला धोका होता म्हणून कळवते, असं सुरुवातीलाच सांगितलं. चिडवण्याचा विषय शेवटी काढला. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी बोलतो पोराशी.”

गॅदरिंगला मुलाला येऊ द्यायचं का? यावर आम्ही तीनदा बसलो. शेवटी त्याला क्रीडाशिक्षकांबरोबर साऊंड सिस्टिमपाशी बसवलं, स्टेजच्या समोर, मंडपाच्या पुढच्या टोकाला. आई बायकांच्या बाजूला बसली होती. चौथा नंबर सुरू झाला तेव्हा मी स्टेजकडे पाहिलंच नाही, त्याच्या हातांकडे पाहत होते. त्याने गाण्याची पेन ड्राइव्ह लावली, आवाज थोडा कमी केला आणि खुर्चीत मागे टेकला.

पुढे काय झालं

काही घडलं नाही. मुळात काही घडणारच नव्हतं की आमच्या त्या पानभर कागदामुळे टळलं, हे मला कधीच कळणार नाही. या कामात बरोबर निर्णयाचा पुरावा मिळत नाही, फक्त चुकीच्या निर्णयाचा मिळतो.

हाक महिनाभर दबकी राहिली, मग मैदानावर पुन्हा ऐकू आली. पुन्हा बोलावं लागलं. मुलगा नववी पास झाला. पुढच्या हंगामात त्याला तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शासकीय वसतिगृहात जागा मिळाली आणि दहावी तिथूनच झाली. आईने मुकादम बदलला. कारण मी विचारलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या एका शाळेबाहेर आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलाला भोसकलं आणि तो मुलगा गेला. ती बातमी वाचल्यावर मी आमचा तो कागद काढून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मुलाला शाळेत ठेवण्याचा निर्णय मी आजही तोच घेईन. पण मधल्या काही गोष्टी नक्की वेगळ्या करेन.

काय वेगळं करता आलं असतं

तिघांच्या घरी आम्ही शनिवारी रात्रीपर्यंत कळवलंच नाही. मुकादमाच्या बाबतीत थांबायला कारण होतं, बाकी दोघांच्या बाबतीत काहीच नव्हतं. आम्ही आधी सगळं समजून घेऊ म्हणत राहिलो. एकाच्या वडिलांना बाहेरून कळलं आणि ते सोमवारी सात-आठ माणसं घेऊन फाटकाशी आले. त्यांचा राग रास्त होता. एका धमकीचा रोख त्यांच्या मुलावर होता आणि शाळेला ते दीड दिवस माहीत होतं. आता मी पहिल्याच दिवशी शाळा सुटायच्या आत कळवेन, अर्धवट माहिती असली तरी.

धार घासलेली दिसल्यावर मी त्याला त्या रात्री आजीकडेच झोपू दिलं. कोयता दुसऱ्या दिवशी हलला. ती एक रात्र मी धोका पत्करला, आणि तोही कुणाला न विचारता.

हाक ऐकूनही सोडून देणारे आम्ही दोघं शिक्षक, त्यातली एक मीच. नोव्हेंबरात मैदानावर ऐकली होती. कोयता हा शब्द आमच्याकडे दिवसातून पन्नासदा कानावर पडतो, म्हणून कान तयार नव्हता, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होते.

आणि ती मुलगी. मोठ्या मुलांनी तिला ‘पोलीस’ म्हणायला सुरुवात केली. तिच्या आईने येऊन सांगितलं की आता ती शाळेतलं घरी काही बोलत नाही. वर्गशिक्षकांनी तिची वर्गासमोर नाही, एकट्यात माफी मागितली. ते त्यांनी मनापासून केलं. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक होता, तक्रारपेटीही होती, पण पेटी ऑफिसच्या अगदी दारात, चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसेल अशी. आम्ही ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात हलवली, दुसरी मुलांच्या बाजूला लावली, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे घेतल्या.

दहावीच्या निरोप समारंभाला ती माझ्या पाया पडली. मी तिला विचारलं, “पुन्हा असं काही दिसलं असतं तर सांगितलं असतंस?” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “तुम्हाला एकट्यांना सांगितलं असतं, मॅडम. स्टाफरूममध्ये नाही.”